जाजमाविना दरबार

द्वारका, कार्तिक शुद्ध ३, सन १९०८

चि. नातू रामसंग यास बाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

गुडघे कुरकुरतात, तोंड चालतं, बरी आहे. तुझ्या मेरूकाकांचा माणूस येऊन गेला. इंग्रज साहेब तुला धोळासरचा ठाकोर म्हणून राज्याचे अधिकार देणार, त्या दरबारात म्हणे गोरे पाहुणे बुटांनिशी खुर्च्यांवर आणि आपले भाऊबंद जोडे काढून खाली जाजमावर. भाऊबंद येणार नाहीत म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. तुझे आजोबा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत. तू त्यांच्या नाकासमोर बुटांची रांग लावणार? हे होता कामा नये.

लोभ ठेव, पण आधी अक्कल ठेव.
बा

धोळासर, कार्तिक शुद्ध ७

तीर्थरूप बास साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस. दिवाणजींनी साहेबांना विचारून पाहिलं. ते बूट काढणार नाहीत, आणि भाऊबंदांना खुर्च्या दिल्या तर आपला अपमान समजतील. मी लहान असताना बापू गेले, तेव्हापासून कारभार त्यांच्याच हातात आहे; बिनसलं तर तो तिथेच राहील. दिवाणजी म्हणतात, एक दिवस गिळून टाका. मला गिळवत नाही. काय करू?

तुझ्याच मायेवर जगणारा,
रामसंग

द्वारका, कार्तिक शुद्ध १०

चि. रामसंगास आशीर्वाद.

दिवाण पगार तुझा खातो आणि भूक साहेबाची सांगतो. नीट ऐक. जोडे काढायचे ते जाजमावर पाय पडतो म्हणून. मग जाजमच घालू नकोस. गादी नको, खुर्च्या नकोत. अंगणात दरबार भरव. सगळे जोड्यांनिशी उभे, तूसुद्धा. साहेबाचे पाय दुखले तर माझं तेल पाठवते.

अधिकार लांबले तर लांबू देत.

आशीर्वाद मागू नकोस, दिलाय.
बा

धोळासर, कार्तिक वद्य १

तीर्थरूप बास साष्टांग नमस्कार.

उभा राहिलो. भाऊबंद झाडून सारे आले. साहेबांनी आपली खुर्ची कुठे म्हणून विचारलं. मी म्हणालो, “माझे काकाही उभेच आहेत, साहेब.” ते लाल झाले आणि अधिकारांची सनद न देताच परत गेले. आता वर्षभर विचार होणार नाही, असा निरोप आलाय. दिवाणजी माझ्याशी बोलत नाहीत.

संध्याकाळी जेवणात माझं ताट वेगळं मांडलं होतं. मेरूकाकांनी हात धरून मला आपल्याच ताटात जेवायला बसवलं. म्हणाले, “खा. आज ठाकोर झालास.” मला रडू आलं. हे फक्त तुला सांगतोय.

माया आहे तशी असू दे.
रामसंग

द्वारका, कार्तिक वद्य ५

चि. रामसंगास आशीर्वाद.

रडून झालं असेल तर कामाला लाग. वर्ष मोकळं मिळालंय, तर भाऊबंदांच्या गावोगाव जा, त्यांच्या ताटात जेव, त्यांची भांडणं ऐक. साहेबाशी गोड बोल. पुढच्या वर्षी तो सनद घेऊन आला, तरी दरबार असाच भरव.

मी तोवर मरत नाही.
बा