दादाच्या खोलीला हात लावायचा नाही

थोरला चंद्र, दिवस ४

आला! गेल्या चंद्राला येतो म्हणाला होता, आज उगवला. सगळा काळ याच्या खिशात, पण जन्मात एकदा वेळेवर आला असेल तर शपथ.

चिखलाच्या बुटांसकट थेट पलंगावर उतरला. आल्या आल्या म्हणतो काय? ‘काय गं, अजून घरातच?’

अरे, तर जाऊ कुठं! काळात फिरवणाऱ्या तुझ्या त्या कोटाचा नियमच तसला. प्रवासी खोली सोडून जाईल तशीच्या तशी राहिली पाहिजे आणि घरातलं एक माणूस कायम राखणीला. वस्तू हलल्या तर परतणारा माणूस म्हणे भिंतीत चिणला जातो. म्हणून घरातली सगळ्यात मोठी, उजेडाची खोली याची, आणि मी लोकांचे कपडे बेततेय पॅसेजमध्ये, जमिनीवर, गुडघे मोडून. नऊ वर्षं! आई होती तेव्हा निदान आळीपाळीनं बाहेर पडता यायचं. ती गेल्यापासून मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेली नाही.

आणि या वेळी हा एकटा नाही. कोटाचं टोक धरून एक दाढीवाला आलाय. शिरस्त्राण, ढाल, सगळं. कुठल्याशा लढाईत याच्या पाठी लागला होता, सोडेचना. ‘ठेव गं कुठंतरी.’

घरचं झालं थोडं!

दिवस ५

गल्लीतल्या बायका दादाला बघून गेल्या. काय ते कौतुक! आमच्या जगात दुसरं आहेच काय म्हणा. नुसता स्टँड. सगळ्या काळांच्या गाड्या इथून सुटतात, इथं बघायला म्हणून कुणी येत नाही. मग जो सुटतो तो शूर. आणि जी स्टँड झाडते ती? जाऊ दे.

काळखात्याचा मोजणीदार येऊन गेला. दादा आला की हा येतोच. टेप लावून पलंग मोजला, कपाट मोजलं. स्टूल बोटभर सरकलंय म्हणे. ‘बाई, भावाच्या जिवावर उठलात का?’ म्हटलं, केर काढताना सरकलं असेल. ‘मग केर काढू नका!’

मेल्यानं चहा मात्र दोनदा घेतला.

दिवस ७

दाढीवाला तिकडचा सेनापती आहे. सकाळी विचारतो, ‘तुमच्याकडे फौज किती?’ म्हटलं, फौज नाही, शाळेचे गणवेश आहेत. बटणं लाव. लावली की! मुकाट्यानं, आणि एका रेषेत. आता मला ‘सरदार’ म्हणतो. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकतंय.

दिवस ९

जेवताना दादा सहज बोलावं तसं बोलला – ‘येता येता आईकडे डोकावलो.’

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. ‘कुठल्या आईकडे?’

‘आपल्या. ती होती तेव्हाच्या काळात. जातो की अधूनमधून. मजेत असते.’

अधूनमधून! आई अंथरुणाला खिळली तेव्हा हा कुठल्याशा राजाच्या लग्नात नाचत होता. हा प्रवासाला लागला त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी विचारायची, ‘दादा आला का गं?’ आणि रोज ‘नाही’ म्हणायची पाळी माझ्यावर. शेवटच्या दिवशीसुद्धा.

म्हटलं, मलाही ने. एकदाच. लांबूनच बघेन.

‘वेडी का तू? खोली कोण सांभाळणार? मी भिंतीत चिणून मरू?’ वर ताट पुढे करून म्हणतो, आणखी वाढ.

मला त्याचा राग येतो. आज लिहूनच ठेवते. येतो, आणि यायलाच हवा.

दिवस १०

गेला. ‘पंधराव्या दिवशी येतो.’

हो का?

सेनापतीला हाक मारली. पलंग जिन्याखाली. कपाट पॅसेजमध्ये. स्टूल? स्टूल गल्लीत! खोलीच्या मधोमध माझं बेतायचं टेबल. सेनापती घाम पुसत म्हणाला, ‘किल्ला घेतला, सरदार!’

दिवस ११

काय उजेड आहे या खोलीत!

दिवस १५

नाही आला. नेहमीचंच आहे, एरवी मी लक्षही देत नाही.

आज मात्र खोलीच्या चारी भिंतींना कान लावून झाले. सेनापतीनं कुजबुजत विचारलं, ‘पलीकडे शत्रू आहे?’ म्हटलं, शत्रू नाही रे, भाऊ. आणि रडले. मूर्ख! मीच.

पलंग परत आणला, तर तो नेमका कुठं होता तेच आठवेना. इतकी वर्षं रोज बघत होते! शेवटी पुन्हा जिन्याखाली ठेवला.

दिवस १८

आला. धडधाकट! भिंतीत नाही, छतात नाही – स्वयंपाकघरात उभा, डबे उघडून खायला शोधत होता. मी त्याला मिठी मारली. मारली, काय करणार. मग म्हटलं, खोली उलटीपालटी केलीय मी, तू वाचलास कसा?

खोलीत डोकावला. तोंड उतरलं, पण भीतीनं नाही. ‘माझं कपाट कुठाय?’

मग एकेक बाहेर आलं. कोट कुठंही उतरवतो. खोलीचा काडीचा संबंध नाही. असला नियमच नाही! मोजणीदार याचा शाळेपासूनचा दोस्त. ‘माझ्या वस्तू कुणी हलवलेल्या मला आवडत नाहीत गं. आणि आपण घरी यावं तर घरात कुणीतरी असावंसं वाटतं.’

तळपायाची आग मस्तकात गेली. कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन त्याच्या मागे धावले. अख्ख्या गल्लीनं पाहिलं. सेनापतीनं पुढून वाट अडवली म्हणून दोन तरी फटके बसले. कमीच.

दिवस १९

चोर तो चोर, वर शिरजोर! सकाळी कोट माझ्यापुढे टाकला – ‘अस्तर उसवलंय, बघ जरा.’ आणि झोपला. पॅसेजमध्ये, कपाटाला टेकून.

अस्तर शिवलं. या कोटाची बटणंच काळाची. वरचं वर्षाचं, मधलं चंद्राचं, खालचं दिवसाचं. तुटली की लावायची मीच, त्यामुळे कुठलं किती फिरतं ते ठाऊक आहे. अंगात घालून बघितला. सैल होतो. खांद्यात चार टाके घातले, बसला.

सेनापतीला म्हटलं, येते मी. त्यानं दादाकडे बोट दाखवलं – ‘आणि यांचं काय करायचं?’

म्हटलं, त्याला हलवू नकोस. राखणीला घरात कुणीतरी हवं.

थोरला चंद्र, दिवस १९. सात वर्षांपूर्वीचा.

मागच्या दारानं आत आले. पॅसेजमधून शिलाई मशीनचा आवाज येत होता – तीही मीच. आई मोरीशी भांडी विसळत होती, पाठमोरी. चाहूल लागली तशी न वळताच म्हणाली, ‘दादा आला का गं?’

‘नाही,’ म्हटलं. ‘मी आलेय.’

आत मशीन चालूच होतं. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि वळली.