चौथ्या चाकाचा आवाज

मंगळवार, १४ तारीख

चि. भिंगरीस,

काकाचा आशीर्वाद. कंबर सोडली तर मी बरा आहे. काकू ठणठणीत आहे, निदान आवाजावरून तरी. फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस, म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही.

आधी तुझ्या गाडीच्या चाकांचं. रोज ऑफिसला आणि सुट्टीत ट्रॅकवर, दोन्हीकडे चालेल असा एकच सेट तुला हवाय. असा सेट मी विकलाय पुष्कळदा, पाहिला मात्र कधी नाही. रस्त्याला ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली चाकं घे, जरा लहान, वर जाड टायर. खड्ड्याचा मार टायरनं खायचा. ट्रॅकला घडीव, म्हणजे दाबून घडवलेली, हलकी, तुझे मोठे ब्रेक आत मावतील अशी. म्हणजे दोन सेट.

आता रविवारच्या शर्यतीसाठी मी कबूल केलेली ती हलकी चाकं. ती मी बसवणार नाही.

बसवण्याआधी मी प्रत्येक चाक टांगून लाकडी हातोडीनं वाजवतो, तुला माहीत आहे. तीन घंटेसारखी वाजली. चौथ्याचा घसा बसलेला. पुसून, भिंग लावून पाहिलं. आतल्या कडेला केसाएवढा तडा. वळणावर ते सुटलं तर काय, ते लिहायला माझा हात धजत नाही.

तू काय म्हणणार ते मला इथं ऐकू येतंय. "बाबांनीच काकाला पढवलं!" तुझ्या शर्यतींवरून झालेल्या त्या भांडणापासून तुम्ही दोघं बोलत नाही आणि मी मधला निरोप्या. दमलो गं आता.

म्हणून सांगणार नव्हतो ते सांगतो. ती चाकं माझी नव्हेतच. तुझ्या बाबानं कुणाकडून तरी वापरलेली मिळवली आणि दुकानाचं शटर उघडायच्या आधी येऊन उभा.

"दादा, तूच दिलीस म्हणून सांग."

"तिनं खोदून विचारलं तर?"

"थाप मार. गिऱ्हाइकांना रोज काय सांगतोस?" मग एक चाक उचलून म्हणाला, "हलकं आहे बघ. हलक्या चाकानं गाडी लवकर थांबते म्हणे."

गाडी पळते किती, ते त्यानं विचारलंच नाही. थांबते कशी, तेवढंच शोधून आला होता.

त्याला तड्याचं सांगितलेलं नाही. रोज सकाळी फोन करतो, "बसवलीस का?" मी म्हणतो, "उद्या." चाक हातोडीनं वाजवायला मला काही वाटत नाही. त्याला हे सांगायचं मात्र होत नाही.

रविवारी जुन्याच चाकांवर पळ. मागे पडशील, पड. आणि तड्याचं तूच त्याला सांग. माझ्याकडून कळलं तर पुन्हा तुझ्यासाठी काही आणायचा नाही. तू सांगितलंस तर आधी नुसता तुझा आवाज ऐकत बसेल.

ज्या सकाळी मला त्याचा फोन येणार नाही, त्या सकाळी मी समजेन की त्याला तुझा गेला.

तुम्हा दोघांचा,
थकलेला काका