तुझं गाणं, डहाणूच्या स्टेजवर

आई,

गेल्या शनिवारी डहाणूच्या किनाऱ्यावर तुझं गाणं म्हटलं गेलं. हे तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय. सुरूच्या झाडांपुढे मोठं स्टेज बांधलं होतं, तीन दिवसांचा संगीत महोत्सव होता आणि शेवटच्या दिवशी ती गाणार होती. ती म्हणजे तीच, जिचा आवाज रेडिओवर लागला की मी हातातलं काम टाकून उठायचे आणि तू म्हणायचीस, मासळी मांजरानं नेली तरी हिला कळायचं नाही. मी आता उधव्याच्या शाळेत शिकवते, लेक दहावीला आहे, माझे केस पिकलेत. तरी त्या दिवशी नवी साडी नेसले, लेकीला घेऊन जीपनं तलासरी आणि तिथून एसटीनं डहाणू गाठलं, आणि दुपारी तीनपासून स्टेजसमोरच्या दोरीला खेटून उभी राहिले. लेक मला हसत होती.

तू तिला एकदाच पाहिलंस. मी कॉलेजात होते. ती तेव्हा एवढी मोठी झाली नव्हती. किनाऱ्यावरच्या बायकांची गाणी गोळा करत गावोगाव फिरायची. बोर्डीला भेटली, आणि मीच हट्टानं तिला झाईला आपल्या घरी आणलं. तू अंगणातल्या बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होतीस. तिला खुर्ची दिलीस, तर ती तुझ्याजवळ जमिनीवरच बसली, आणि तेवढ्यानं तू खूश झालीस. हळदीची गाणी म्हटलीस, लग्नाची म्हटलीस, ती टेप करत राहिली. पण ती गाणी तिला आधीच कुठेकुठे मिळाली होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. माझ्या आईकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आहे, हे मला तिला दाखवायचं होतं. म्हणून म्हणाले, आई, ते बाबांचं म्हण ना. तू माझ्याकडे बघत राहिलीस.

"ते गानं नाय," म्हणालीस.

नव्हतंच ते गाणं. बाबांची होडी परत आली नाही, तेव्हापासून बोंबील टाकताना तू ते स्वतःशी म्हणायचीस. तुझा भात झाकून ठेवलाय, चुलीत विस्तव आहे, ये. आणखी दोन कडवी होती. आम्ही पोरं ते ऐकलं की आपोआप गप्प व्हायचो. पण त्या दिवशी मी हटून बसले, तीही हात जोडून विनवायला लागली, आणि शेवटी तू आमच्याकडे पाठ करून, वलांडीकडे तोंड करून ते म्हटलंस. ती रडली. संपल्यावर तू तिचं मनगट धरलंस. "बाय, हे भायेर म्हनू नको," म्हणालीस. तिनं वाकून तुझ्या पायांना हात लावला. "नाही म्हणणार, मावशी. माझ्यापुरतं ठेवीन." मग तुझ्या हातचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन ती गेली. मैत्रिणींना मी महिनाभर हेच सांगत होते की ती आमच्या घरी जेवली.

शनिवारी ती सूर्य बुडायच्या सुमाराला स्टेजवर आली. चार गाणी झाली, सगळी मला पाठ. मग तिनं माईक जवळ घेतला आणि म्हणाली, आता माझी नवी रचना, शब्द माझे, चालही माझी. ढोलकी सुरू झाली, गिटार आलं, आणि ती गाते आहे, तुझा भात झाकून ठेवलाय. मला आधी कळतच नाही. मग चुलीतला विस्तव येतो, आणि मला कळतं. 'ये' म्हटल्यावर तू दम घ्यायला थांबायचीस, तिथं तिनं टाळी बसवली आहे. ती म्हणते, सगळ्यांनी म्हणा, आणि हजारभर माणसं हात वर करून हसत हसत माझ्या बाबांना बोलावतात.

कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे लोक सह्या घ्यायला उभे होते, त्यांच्यात मीही उभी राहिले. तिला आठवणार नाही अशी माझी खातरी होती. पण झाई म्हटल्याबरोबर तिनं ओळखलं. मावशी कशा आहेत, विचारलं. नऊ वर्षं झाली जाऊन, मी म्हणाले. मी तिला तिच्या शब्दाची आठवण करून दिली, तर ती हळू आवाजात, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "लोकगीत कुणा एकाचं नसतं हो. आणि त्यांनीच म्हणून दाखवलं होतं ना मला?"

"ते लोकगीत नव्हतं," मी म्हणाले. "आणि लोकगीत होतं, तर तुमचं नाव कशाला लावलंत?"

मागच्या मुलीनं फोन पुढे केला, ती तिच्याकडे वळली आणि फोटोसाठी हसली. रेडिओवर ऐकून ऐकून मी जिची झाले होते ती हीच.

परतताना लेक विचारत होती, आजीचं गाणं मला कसं माहीत नाही? मी तिला सगळं सांगितलं. फक्त एक सांगितलं नाही. त्या दिवसानंतर वलांडीपाशी तू ते कधीच म्हटलं नाहीस. मला ते तेव्हाच कळलं होतं आणि मी तुला कधी विचारलं नाही. तिनं तुझं गाणं नेलं खरं, पण अंगणातून ते आधी मी काढलं होतं.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. तुला कुठं पाठवू? पण एक लिहून टाकते. शेवटचं कडवं मी विसरले होते. किती वर्षं आठवून बघितलं, येत नव्हतं. ते मला शनिवारी तिच्या तोंडून परत मिळालं. मी ते फोनवर भरून घेतलं, आणि अजून पुसलेलं नाही.