मैदानात आडवं पडायचं नाही

प्रिय मिलान,

आज क्लबच्या दिवाणियात, त्या बैठकीच्या दालनात, तुझी शोकसभा झाली. कॉफी फिरली, खजूर फिरले, आणि व्यवस्थापक उभे राहून म्हणाले, "कोच मिलान यांनी कधी कसलीही तक्रार केली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला! तो राग उतरेना, म्हणून अब्बासियाला घरी आल्याआल्या लिहायला बसलोय. मराठीत लिहितोय. जिवंत होतास तेव्हा माझं इंग्रजी तरी कुठे ऐकलंस?

तक्रार केली नाही म्हणे. अरे, तोच तर तुझा रोग होता!

डॅन्यूबकाठच्या तुझ्या गावात वडिलांनी तुला पहिले बूट आणले आणि सोबत एक नियम दिला: मैदानात आडवं पडायचं नाही. कितीही लागो, फिजिओ धावत येण्याआधी उठून उभं राहायचं. त्यात तू मधल्या फळीचा खेळाडू. धावायचं तू, लाथा खायच्या तू, आणि गोल मारून मिरवायचं दुसऱ्याने. आडवा पडायचास तो फक्त माझ्या मसाजच्या टेबलावर, तिथेच हे सगळं हसत हसत सांगायचास.

देशाच्या संघाचं बोलावणं आलं तेव्हा तुझा गुडघा सुजलेला होता. सांगितलंस कुणाला? छे! गुपचूप इंजेक्शन घेतलंस, खेळलास, आणि गुडघा कायमचा घालवलास. पुन्हा ते बोलावणं आलं नाही. मग सायप्रस, मग आखातातले क्लब, शेवटी कुवेत. इथे आलास तेव्हा पायातला वेग संपला होता, पण पास असा द्यायचास की पुढच्याने नुसता पाय लावावा. इथेच निवृत्त झालास, इथेच कोच झालास.

"वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं होतं.

"नेमा प्रॉब्लेमा, डॉक्टर!"

म्हणजे काही त्रास नाही. मी डॉक्टर नाही, नाशिकचा साधा फिजिओथेरपिस्ट आहे, हे तुझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. आणि तुझ्या भाषेतले मला येणारे हे दोनच शब्द, तेही खोटे निघाले.

तुझ्या त्या जुनाट गाडीत जरा कुठे खुट्ट वाजलं की शुवैखच्या गॅरेजात धावायचास. मेकॅनिकचं डोकं खायचास. "ऐक, नीट ऐक, आवाज येतोय!" गाडीचा आवाज ऐकू यायचा तुला. स्वतःच्या छातीचा नाही?

त्या दिवशी सरावात तू डावा खांदा चोळत होतास. घाम तर सगळ्यांनाच फुटला होता, पण तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी बीपीचं यंत्र घेऊन आलो, म्हटलं, "बस इथे, आडवा हो." तू हात झटकलास. दुपारी जास्त खाल्लं म्हणालास. नेमा प्रॉब्लेमा. शिट्टी तोंडात धरून पुन्हा मैदानात गेलास, आणि सराव संपल्यावर गाडीत जाऊन बसलास. गाडी पार्किंगमधून निघालीच नाही. मी दार उघडलं तेव्हा तुझं डोकं स्टिअरिंगवर होतं. मेलास तोही बसूनच! वडिलांचा शब्द पाळलास, शाब्बास!

तुला विमानाने सर्बियाला नेलं. मला खांदासुद्धा देता आला नाही. माझी बायको सुनीता परवा चतुर्थीला सवयीने तुझ्या वाटचा साबुदाणा भिजवून बसली, मग तशीच रडत स्वयंपाकघरात उभी राहिली. आम्हाला असं करायचा तुला काय अधिकार होता रे?

आणि आजचं ऐक. सभेनंतर सराव ठेवला होता. तुझ्या हाताखाली तयार झालेला आपला कप्तान फहद, त्याचा घोटा मुरगळला. मी बॅग उचलायच्या आत पठ्ठ्या उठून उभा! लंगडतोय, आणि तुझ्याच थाटात ओरडतोय, "नेमा प्रॉब्लेमा!"

मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तो चिडून म्हणाला, "कोच असते तर त्यांनी मला खेळू दिलं असतं."

"हो," मी म्हणालो, "म्हणूनच ते नाहीत."

तो गवतावर आडवा पडला आणि लहान पोरासारखा रडला.

मिलान, तुला शब्द देतो. मी असेपर्यंत या मैदानात तुझे ते दोन शब्द चालणार नाहीत. जो उच्चारेल त्याला मी धरून आडवा पाडीन, शिव्या खाईन, आणि त्याच्या छातीला कान लावीन. तू लावू दिला नाहीस तो.

तुझ्यावर अजून रागावलेला,
सुहास