देवाच्या फोटोवरचा कॅमेरा

आई, आपल्या घरात सध्या देवाचं काम मी करतो. हसू नकोस, आधी ऐक. तुझ्या नातवानं भवानी पेठेत टॉवेल शिवायचा छोटा कारखाना काढलाय. मध्यंतरी मोजणीत टॉवेल कमी भरायला लागले, तसा त्यानं तिथं कॅमेरा बसवला. वायर जिथवर पोचत होती तिथंच, म्हणजे नेमका देवाच्या फोटोच्या वर. चित्र दिसतं ते घरच्या टीव्हीवर. "बाबा, तुम्ही घरीच असता, जरा लक्ष ठेवा," म्हणाला. सकाळी बाया येतात, चपला काढतात, फोटोसमोर उभ्या राहून हात जोडतात, आणि मला दिसतं ते असं की त्या माझ्याच पाया पडताहेत. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर ठेवलेले पाय घाईनं खाली घेतले. नंतर सवय झाली. कोण डोळे मिटतं, कोण अर्धेच मिटतं, कोण हात जोडता जोडता घड्याळ बघतं, सगळं कळायला लागलं. ह्या कॅमेऱ्याला आवाज नाही. ओठ हलताना दिसतात, मागणं ऐकू येत नाही. तुझ्या देवाचंही असंच असेल का, अशी शंका तेव्हाच मनात शिरली, ती अजून गेलेली नाही.

चौथीत आम्हाला एक कविता होती. देव सगळं पाहतो, अंधारातलंही पाहतो, अशा अर्थाची. तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायचीस आणि मी समोर उभा राहून चालीवर म्हणायचो. अजूनही तुझी कातर पानावर चालल्याचा तो आवाज माझ्या कानात ताल धरून आहे. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, आणि माझी ओळ चुकली की तुझा हात थांबायचा. कविता संपल्यावर तू म्हणालीस, "चाल चांगली हाय रं. पर तुझ्या कवीचा देव म्हंजे आमच्या कारखान्याचा वॉचमनच दिसतोय की!" तो वॉचमन मला माहीत होता. सुटीच्या वेळी तंबाखू चोरून नेता का म्हणून प्रत्येकीची पिशवी उलटी करायचा. तुझी तर दोनदा. मला वाटायचं, देव हिचा एवढा दोस्त, दिवसभर ही त्याच्याशी बोलते, भांडते, मग तो वॉचमनचा हात का धरत नाही? विचारलं तर तू म्हणालीस, "त्यो दोस्त हाय, नोकर न्हाय. आन् दोस्त तोंडाकडं बगतो रं, पिशवीकडं न्हाय." मला ते पटलं नव्हतं. ज्याचा न्यायाधीशच दोस्त, त्याच्या न्यायावर दुसऱ्यानं विश्वास का ठेवावा, असं मला तेव्हाही वाटायचं. फक्त असं मांडता येत नव्हतं.

तर आता इथली गोष्ट. कोपऱ्यातल्या मशीनवर एक शिलाईवाली बाई आहे. ती हात जोडून लगेच बाजूला होत नाही. फोटोशी बोलत राहते, बोट नाचवते, मान उडवते, मध्येच हसते. मला ती खटकली. इतका वेळ देवाशी काय बोलायचं असतं माणसाला? काहीतरी झाकायचं असल्याशिवाय कुणी एवढी सलगी करतं का? एकदा जेवणाच्या सुटीत तिनं पिशवीत काहीतरी घातलं. डबा असेल, टॉवेल असेल, मला नीट दिसलं नाही. पण लेकाला सांगताना मी म्हणालो, "ती कोपऱ्यातली. तिच्यावर माझा संशय आहे." तो एवढंच म्हणाला, "मग शनिवारपासून कामावरून बंद करतो तिला." किती सोपं असतं बघ ते.

शुक्रवारी सकाळी ती फोटोशी बोलली आणि मग मान आणखी वर करून थेट माझ्याकडं बघत काहीतरी म्हणाली. धोतर सावरलं, छत्री घेतली आणि चालत कारखान्यात गेलो. लेक कापड बघायला बाहेर गेला होता.

"देवाशी काय बोलत असता एवढं?" मी दरडावूनच विचारलं.

"भांडते की, आजोबा," ती मशीन न थांबवता म्हणाली. "नवरा गावाला, पोरं शाळेला. भांडायला दुसरं हाय कोण?"

बाकीच्या बाया फिस्सकन हसल्या.

"आणि आज वर बघून?"

आता मशीन थांबलं. "ते तुमाला. तुमी बगताय ते म्हाईत हाय आमाला. म्हणलं, वर बसून निस्तं काय बगताय, खाली येऊन च्या तरी घ्या! आला की लगेच. आमच्या देवापरीस तुमी बरं."

चहा आला. एका बाईनं स्टूल पुसून दिलं. मी प्यायलो, चांगला होता, आलं घातलेलं होतं. पण संशय काही चहानं विरघळत नाही. कुणी सांगावं, उद्या काढणार ही कुणकुण हिला लागली असेल, म्हणून हा पाहुणचार. घरी आलो. रात्री जेवताना लेकाला म्हणालो, "पिशवीत टॉवेल जाताना मी पाहिला नाही. माझ्या सांगण्यावरून तिला काढू नको."

"मग टॉवेलला काय पाय फुटले?"

"ते मला माहीत नाही. जे दिसलं नाही ते मी दिसलं म्हणणार नाही."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. शेवटी म्हणाला, "बरं, राहू दे तिला." आज शनिवार. ती आली आहे. आत्ता ह्या क्षणी टीव्हीवर बोट नाचवते आहे.

तुला वाचता येत नव्हतं. गावाकडून आलेलं पत्र असो की पुस्तकातली कविता, सगळं मीच वाचून दाखवायचो. तू असतीस तर हेही वाचून दाखवलं असतं, आणि शेवटची ओळ गाळली असती. तुझा हात थांबला असता आणि तू ओळखलं असतंस, म्हणून हे पत्र इथंच राहू दे. चहा संपेपर्यंत मी तिच्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नाही, आई. मशीनच्या कडेला टांगलेल्या तिच्या पिशवीकडं बघत होतो.