मोजेरावांची साक्ष

गुरुवार, बारा तारीख

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील. मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, बाकी रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षर लावून वाच. तुझे अकरा फोन येऊन गेले. मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू रडतोस आणि मी विरघळते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे.

तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा पाहिला. तुझ्या हातात मोजेराव, भिंगरीची ती मोज्याची बाहुली, आणि तू काढलेला तो घोगरा आवाज, ‘सांग भिंगरी, कुणाकडे राहायचं? आईकडे की बाबांकडे?’ भिंगरी म्हणते, ‘बाबांकडे.’ खाली तू लिहिलंयस, ‘ताई, बोलली एकदाची. सोमवारी कोर्टात हेच दाखवणार. तू फक्त सही दे, की मूल बाहुलीशी खरं तेच बोलतं.’

लाज नाही वाटली तुला? सात वर्षांची पोर आहे ती. समोर तू बसलेला, मोबाइल तिच्या तोंडावर धरलेला. ‘आईकडे’ म्हणायची तिची काय बिशाद होती?

तिची आई घर सोडून गेल्यापासून चार महिने या पोरीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. घरातलं मूल आपण स्वतः उपचाराला घ्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम. म्हणून मी तिला आमच्या बालसमुपदेशन केंद्रातल्या मोठ्या बाईंकडे सोपवलं. बाईंनी काही विचारलं नाही. बटणांची डबी, लोकर आणि कात्री पुढे ठेवली आणि स्वतः चित्र रंगवत बसल्या. तिसऱ्या आठवड्यात भिंगरीने घरून तुझा जुना करडा मोजा आणला. त्याला दोन वेगवेगळी बटणं शिवली, डोक्यावर लाल लोकर टाचली, हातात चढवला आणि मोजेराव बोलायला लागले. पहिलंच वाक्य बाईंना, ‘आधी चष्मा पुसा, तुम्हाला काही दिसत नसेल.’ मी बाहेर बाकावर बसले होते. हसता हसता रडले मी.

मोजेराव काहीही बोलू शकत होते, कारण आत तिचा हात होता. तू तुझा हात घातलास. एवढं कळायला काही शिकावं लागत नाही रे.

मुलांनी केलेली वस्तू खोलीबाहेर जात नाही. कपाटाला कुलूप असतं. तरी मोजेराव गेल्या शनिवारी कपाटातून बाहेर गेले आणि मंगळवारी परत आले, आणि बाईंना याचा पत्ताही नव्हता.

काल तिची वेळ होती. बाईंनी सांगितलं ते लिहिते. भिंगरीने मोजेराव काढले, बराच वेळ नुसती बघत बसली. मग कात्री घेतली आणि एकेक टाका कापला. बटणं डबीत टाकली. लोकर गुंडाळून जागेवर ठेवली. मग बूट काढला, तो मोजा पायात घातला, गुडघ्यापर्यंत ओढला आणि परत बूट चढवला. बाईंनी विचारलं, ‘मोजेराव कुठे गेले गं?’ तिने मान वर केली नाही. सगळा वेळ बुटाची नाडी बांधत राहिली. घरी सोडेपर्यंत माझ्याशीही अक्षर बोलली नाही.

बाई मला म्हणाल्या, ‘कुणीतरी हात लावलाय त्याला. तुम्हाला काही ठाऊक आहे का?’ मी म्हणाले, ‘नाही, मला काही कल्पना नाही.’

वीस वर्षं मुलांबरोबर काम करते मी, आणि बाईंच्या तोंडावर खोटं बोलले. वर लिहिलंय, मोजेराव बाहेर गेले. गेले नाहीत. मी काढून दिले. किल्ली माझ्याकडे असते. तू केंद्राच्या जिन्यात बसून ‘दोनच दिवस दे ताई, घरीही बोलेल गं ती’ म्हणून गळ घातलीस, आणि मी दिले. लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर आपल्या बाबांची खोटी सही ठोकायची मी, तीच ही. तुला पाठीशी घालायची सवय मला नडली असती तर चाललं असतं. नडली तिला.

तू वाईट बाप नाहीस. तिची वेणी घालायला शिकलास, डबा करतोस, सगळं मला दिसतं. म्हणूनच जास्त संताप येतो. ती कदाचित तुझ्याचकडे राहिली असती, राहीलही. पण हे असं ओरबाडून नाही.

आज सकाळी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी किल्ली दिली. मग न्यायाधीशांना पत्र लिहिलं: बाहुली कुणी दिली, हात कुणी घातला, उत्तर कसं काढून घेतलं. सही हवी होती ना माझी? पूर्ण नाव आणि हुद्द्यासकट केली आहे. कोर्टात स्वतः देऊन आले आणि मग हे लिहायला बसले. नोकरी बहुतेक जाईल. सख्ख्या बहिणीने दावा साधला म्हणशील. खुशाल म्हण.

तिला आता काही विचारू नकोस. जेवायला वाढ, शेजारी बस, आणि गप्प राहा. बोलेल तेव्हा बोलेल, आणि नाही बोलली तर ते आपण दोघांनी केलंय हे लक्षात ठेव.

‘तुझी ताई’ म्हणून आज सही होत नाही.

भिंगरीची आत्या