बाई ऐकत नाहीत

सोमवार, ७ जुलै

पुन्हा तेच! शटर वर करून किल्ली खिशात टाकतोय तोच हेडसरांचा फोन. तिसरीच्या वर्गातला पॅनल बंद. म्हटलं, बिघडला का? म्हणाले, बिघडायला आधी चालवावा लागतो.

ती बोटाने चालणारी भिंतभर डिजिटल काच वर्गावर्गात लावली त्याला वर्ष होत आलं. घ्याच म्हणून सगळ्यांच्या मागे कोण लागलं होतं? मीच. शाळेच्या समितीचा अध्यक्ष — चौथी नापास, खिळे-स्क्रू विकणारा. आता कुठल्या वर्गात पॅनल किती चालला याची चहाडी तो पॅनलच हेडसरांकडे करतो. चौथी झकास, पाचवी त्याहून झकास, तिसरी भोपळा.

हेडसर म्हणतात, तिसरीच्या बाई कुणाचं ऐकतच नाहीत. त्यांनी ठराव तयार केलाय — पॅनल न वापरणाऱ्या शिक्षकाला पुढच्या वर्षी ठेवायचं नाही. ‘शिक्षकाला’ म्हणायचं आपलं. शाळेत अशी व्यक्ती एकच. समितीची बैठक २६ तारखेला, आणि ठरावाखाली पहिली सही माझी लागणार.

बुधवार, ९ जुलै

म्हटलं, सही करण्याआधी एकदा स्वतः बोलावं. मधल्या सुट्टीत गेलो. मैदानावर पोरांचा हा कल्ला! बाई पायरीवर उभ्या. तीस वर्षं तिसरीलाच शिकवतात, माझा मुलगाही त्यांच्याच हाताखालून गेला. मी अगदी गोडीत विचारलं, “बाई, अडचण काय आहे?”

बाई हसून म्हणाल्या, “अडगळ ना? ती कधीच काढली मी.”

अडगळ! एवढ्या किमतीच्या पॅनलला अडगळ! आणि काढली म्हणजे? धावत वर्गात गेलो. पॅनल जागेवर होता. त्याच्यावर चादर टाकलेली, चादरीवर मुलांची चित्रं टाचलेली.

माझी गोडी तिथेच संपली.

गुरुवार, १० जुलै

बायकोला सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, “गिऱ्हाइकाला तुम्ही असंच बोलता, तेव्हा त्याला हजरजबाबीपणा म्हणता.”

घरात दाद मागायची सोय नाही.

मंगळवार, १५ जुलै

कंपनीचा माणूस आला, शिक्षकांना शिकवायला. गळ्यात टाय, कानात ब्लूटूथ, वाक्यावाक्याला ‘बेसिकली’. चौथीच्या वर्गात त्याने पॅनलवर बेरीज लावली. एक कार्टून ससा उड्या मारत आला आणि म्हणाला, “आता एक वाहून न्या.”

वाहून न्या? कुठे? पाणी आहे की ओझं?

हातचा एक! दुनिया ज्याला हातचा म्हणते त्याचं यांनी हे करून ठेवलंय. टायवाल्याला म्हटलं, तर म्हणाला बेसिकली भाषांतर तिकडूनच होऊन येतं. तिकडून म्हणजे कुठून, हे त्यालाही माहीत नाही.

पोरं मात्र खूश. सशाबरोबर एका सुरात ओरडतात — वाहून न्या! उत्तर बरोबर आलं की पॅनल फटाके फोडतो. मी मागच्या बाकावर बसलो होतो. माझे कान तिखट. त्या कोरसात चार पोरांना येत होतं, बाकीची त्यांच्यामागून अर्धा शब्द उशिरा ओरडत होती. टायवाला म्हणाला, वर्गाचा प्रतिसाद शंभर टक्के.

लिलावात असा प्रतिसाद मी फार पाहिलाय. बोली लावणारे दोघे, मान डोलावणारे पन्नास.

पॅनल वाईट नाही. पाचवीला त्याने हृदय धडधडताना दाखवलं तेव्हा मीही तोंड उघडं टाकून बघत होतो. पण त्याला विकणारे आणि त्याच्यासमोर नाचणारे दोघेही डोकं दुकानात गहाण ठेवून आलेत!

शनिवार, १९ जुलै

नात तिसरीत आहे, त्याच बाईंकडे. आज जमिनीवर बसून गणित करत होती. सत्तावीस अधिक अठरा. डावी मूठ घट्ट आवळलेली. मला वाटलं चॉकलेट. उघड म्हटलं तर उघडेना. शेवटी दाखवलं — आइस्क्रीमच्या दहा काड्या, वर रबरबँड.

म्हणाली, “हातचा आहे, आजोबा. हातचा हातातच धरायचा. पाच खाली ठेवायचे.”

आयुष्यभर हातचा म्हणत आलो, हातात कधी धरला नव्हता.

खोदून विचारलं. बाईंच्या वर्गात उत्तर तोंडाने द्यायचं नाही. काड्या मांडून दाखवायच्या. चुकलं तर बाई जुडी सोडून परत हातात देतात. आणि बोललं तर? ओरडतात का? नात म्हणाली, नाही, बोललं तर बघतच नाहीत.

वर तोरा — बेरजेत मी चौथीच्या दादालाही हरवते.

मंगळवार, २२ जुलै

हेडसरांना आणि टायवाल्याला घेऊन तिसरीत जाऊन बसलो. वर्ग शांत. म्हणजे मेल्यासारखा नाही — काड्यांची खडखड, रबराचे फटके, कुणाचं तरी खुदकन हसू. बाई बाकांमधून फिरत होत्या, प्रत्येकाच्या हाताकडे बघत. एकाच्या जुडीत नऊच काड्या होत्या. बाईंना लांबूनच कळलं! त्यांनी नुसती जुडी उचलून त्याच्यासमोर धरली. तो लाजला, बाकाखालून दहावी काढली.

मग मी फळ्यावर तीन गणितं दिली. सगळ्या वर्गाचं बरोबर. मागून ओढलेलं एकही पोर नाही.

टायवाल्याने नाव शोधायला एक मिनिट लावलं नाही — मूक कृती-पद्धत! फोटो, व्हिडिओ. हेडसर तर असे वळले की जणू काड्या त्यांनीच वाटल्या. आता म्हणे सगळ्या वर्गांत आठवड्यातून दोन तास तोंड बंद. काल ससा, आज काड्या. यांना मधलं काही दिसतच नाही का?

पण एक बरं झालं. हेडसर ठराव मागे घ्यायला तयार आहेत. अट एकच — शनिवारच्या बैठकीला सगळे शिक्षक बोलवायचे, बाईंनी पद्धत समजावून सांगायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची. अर्ध्या तासाचं काम. बाई राहिल्या, नोकरी राहिली.

बाईंना सांगितलं. आधी चेहरा खुलला. मग हेडसर म्हणाले, प्रश्न भरपूर येतील, हॉल भरलेला असेल. बाई म्हणाल्या, “मला जमणार नाही.” कारण विचारलं तर फळा पुसत बसल्या.

हेडसर बाहेर येऊन म्हणाले, बघितलंत? ऐकतच नाहीत. मग ठराव आहे तसा.

डोकं उठलं! ज्यासाठी धडपडलो तेच ताट बाई लाथाडतायत. दैव देतं नि कर्म नेतं, दुसरं काय. नातीबरोबर चिठ्ठी पाठवली — बैठकीआधी दुकानावर या, एकदा बोलू.

शुक्रवार, २५ जुलै

संध्याकाळी बाई आल्या. मी शिडीवर, पाठमोरा, बिजागऱ्यांचा खोका काढत होतो. तिथूनच विचारलं, उद्या नाही का म्हणता? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. नाही. तिसऱ्यांदा रागाने वळलो.

बाई म्हणाल्या, “दादा, माझ्याकडे तोंड करून बोला. दोन वर्षं झाली, ओठ दिसल्याशिवाय मला कळत नाही.”

खाली उतरलो. स्टूल दिलं. कानाला यंत्र लावून पाहिलं म्हणाल्या, सगळ्या वर्गाचा गलका एकदम आत शिरतो, शब्द एकही सुटा होत नाही. मग मुलांना काड्या दिल्या. आणि पॅनल? तर म्हणाल्या, “त्याला ओठ नाहीत.”

उद्या बोलायला बाई तयार झाल्या; कानाचं समितीला सांगायचं की नाही, ते त्याच ठरवतील. उद्या मी हॉलमध्ये पहिल्या रांगेत, त्यांच्या बरोबर समोर बसणार आहे. मागून कुणीही काहीही विचारो, अध्यक्ष म्हणून प्रत्येक प्रश्न मी पुन्हा म्हणणार — सावकाश, तोंड वर करून.